शुक्रवारचा फोटो

माझ्या भाच्यानं धूळ विकत घेतली आहे. खोटं वाटेल, पण रीतसर वर्गणी भरून घेतली आहे.

प्रितेश त्याचं नाव. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, राहतो जवळच्या कोन गावात, वय सत्तावीस. पडघ्याच्या एका गोदामात पार्सलांवर बारकोड चिकटवतो आणि उरलेल्या वेळात कलावंत असतो. त्याच्या फोनमध्ये एक अॅप आहे. फोन आडवा धरून डावीकडून उजवीकडे फिरवायचा, की समोरचं सगळं एका लांबलचक पट्टीत उतरतं. इथवर माझी काही तक्रार नाही. पण मग ते अॅप त्या पट्टीला जुन्या फिल्मचा रंग चढवतं, दाणे पाडतं, कडेला काळी किनार आणि फिल्मचे आकडे छापतं, कोपऱ्यात नारिंगी तारीख टाकतं आणि वरून धूळ मारतं. धूळ किती मारायची हे बोटानं सरकवून ठरवता येतं, शून्य ते शंभर. प्रितेश चाळीसवर ठेवतो. ‘जास्त केली का खोटी वाटते, मामा,’ असं त्यानं मला समजावून सांगितलं.

मी केसरीनाथ. मंडईच्या मागचा कमळ फोटो स्टुडिओ माझा. कमळ म्हणजे माझी बायको, जिनं स्टुडिओला स्वतःचं नाव मिळाल्यापासून एकदाही मला तिचा फोटो काढू दिलेला नाही. एक्केचाळीस वर्षं मी हा धंदा करतोय. भिवंडीत फिल्म धुणं म्हणजे काय, ते त्या अॅपवाल्याला कोणीतरी सांगायला हवं. गावभर कापड विणणारे लूम चालतात, हवेत कापसाचं तूस उडतं, आणि ओली निगेटिव्ह तारेला लटकवली की दहा मिनिटांत तिला दाढी फुटते. मी दाराला ओली चादर लावायचो, पंखा बंद ठेवून घामाघूम व्हायचो, आणि एवढं करून जे ठिपके राहायचे ते भिंग लावून ब्रशनं एकेक बुजवायचो. डोळे फोडून जी घाण मी काढली, ती हा दिवटा बोटानं परत घालतो, आणि खाली लोक लिहितात, वाह, काय फील आहे!

शिवाय वाट बघणं. ते अॅप फोटो लगेच दाखवत नाही. ‘फिल्म धुतली जात आहे’ असं लिहून येतं आणि तासभर थांबावं लागतं. कोण धुतंय? कशात धुतंय? आत पाणी नाही, रसायन नाही, लाल दिवा नाही. फोटो तर तयार होऊन आतच पडलेला असतो. मी म्हटलं, अरे, मग थांबायचं कशाला? तर म्हणाला, ‘त्या थांबन्यातच मजा हाय, मामा.’ लग्नसराईत दिवसच्या दिवस त्या काळोख्या खोलीत उभं राहून माझ्या पायांच्या शिरा फुगल्या, आणि हा मला थांबण्यातली मजा सांगतोय. मी त्याला चहा पाजून घरी पाठवला.

असा सगळा प्रकार चालू असताना फेब्रुवारीत इद्रीस स्टुडिओत आला. इद्रीस माझ्या शाळेतला, एका बाकावरचा. त्याच्या वडलांनी लूम टाकले, यानं ते चालवले. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच कारखाना, बत्तीस लूम, दोन पाळ्या मिळून चौदा माणसं. आता त्यानं कारखाना विकला होता. घेणाऱ्याला फक्त जागा हवी होती, तिथे तो गोदाम बांधणार होता. लूम भंगारात जायचे होते.

“एक फोटो पायजे,” तो म्हणाला. “सगळी मशीन, सगळी मानसं. चालू कारखाना. हबीबाला द्यायचाय.”

हबीबा म्हणजे त्याची बायको, आमची भाभी. छत्तीस वर्षं कारखान्यातल्या माणसांचं जेवण तिच्या चुलीवर झालं. घर आणि कारखाना यांच्यामधल्या भिंतीत एक छोटी खिडकी आहे, पोळपाटाएवढी. इकडून ताट सरकवायचं, तिकडून हात येतो आणि ताट घेऊन जातो. भाभीला त्या माणसांचे हात ठाऊक, आवाज ठाऊक, कोणाला तिखट चालत नाही आणि कोणाला मटणाऐवजी वरण लागतं ते ठाऊक. तोंड एकाचंही पाहिलेलं नाही. कोणी मनाई केली होती असं नाही. सासू कधी कारखान्यात गेली नव्हती म्हणून ही गेली नाही, आणि मग न जाण्याचीच सवय झाली. कारखाना बंद होणार म्हटल्यावर इद्रीस तिला म्हणाला, चल, एकदा बघून घे. तर ती म्हणाली, “लग्नाला बोलावलं न्हाय, आता मयतीला कशाला येऊ?” पण दोन दिवसांनी तीच म्हणाली, माझ्या हातचं जेवणारी माणसं दिसतात कशी, तेवढं तरी जाण्याआधी दाखवा.

इद्रीसनं हे सगळं मला खाली मान घालून सांगितलं. त्यानं आजवर बायकोसाठी माझ्याकडून काही करून घेतलं नव्हतं.

“होईल,” मी म्हटलं. “पण चालू कारखान्यात फोटो निघत नाही. शुक्रवारी येतो.”

हे मी त्याला पहिल्यांदा सांगत नव्हतो. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. इतर दिवशी कारखान्यात पाऊल टाकलं की जमीन थरथरते, स्टँडवर ठेवलेला कॅमेरा थरथरतो, आणि सगळं चित्र फरफटल्यासारखं येतं. शुक्रवारी मात्र सगळं गार. माणसं आंघोळ करून, डोक्याला तेल लावून, धुतलेला शर्ट घालून येतात. उंच मागे, बुटके पुढे, हाताची घडी, नजर माझ्याकडे. मी एका जागेवरून पाच फोटो काढतो आणि ते असे जोडतो की प्रत्येक जोड खांबावर येतो. पूर्वी ब्लेडनं कापून चिकटवत होतो, आता कॉम्प्युटरवर करतो. जोड दाखवा आणि फोटो फुकट न्या, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. अजून कोणी नेलेला नाही. भिवंडीतल्या निम्म्या शेठलोकांच्या केबिनमध्ये माझा शुक्रवार लटकलेला आहे.

इद्रीस म्हणाला, “गुरवारी शेवटची पाळी हाय, केसरीनाथ.”

“मग तर बरंच झालं,” मी म्हटलं. “शुक्रवारी सगळे मोकळे.”

त्यानं मान खाजवली. काहीतरी बोलणार होता. पण फोटोच्या बाबतीत तो माझ्याशी कधी वाद घालत नाही, आणि मी घालू देतही नाही.

गुरुवारी सकाळी मी उजेड बघायला कारखान्यात गेलो. उजेड आदल्या दिवशी, फोटो दुसऱ्या दिवशी, ही माझी पद्धत. दारात प्रितेश उभा. मी त्याला बोलावलं नव्हतं. आईकडून कळलं म्हणून गोदामात सुट्टी टाकून आला होता.

“मामा, मी पन जरा बगतो.”

“बघ. पण कोणाच्या मध्ये मध्ये करू नकोस.”

शेवटची पाळी म्हणून दोन्ही पाळ्यांची माणसं आत होती. बत्तीसच्या बत्तीस लूम चालू. त्या आवाजात कानाशी ओरडावं लागतं. मी टेप काढून खांबांमधलं अंतर मोजलं, छताच्या पत्र्यातून उजेड कुठे पडतो ते वहीत लिहिलं, माणसं उभी करायची ती जागा खडूनं आखली. आणि हे महाशय काय करत होते? या लूमवरून त्या लूमवर हिंडत होते. एकेकाच्या कानाला तोंड लावून नाव विचारायचं, नंबर फोनमध्ये घ्यायचा, ‘फोटो भेजता है’ म्हणायचं, दात काढायचे. एकाला गावाचं नाव विचारलं, दुसऱ्याकडून तंबाखू घेतली. फोटोग्राफर आहेस की जनगणनेवर आलायस, असं मी ओरडून विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही.

मग तो सुताच्या कांड्यांच्या उपड्या खोक्यावर चढला आणि फोन फिरवायला लागला. खोकं थरथरत होतं, खोक्यावर तो थरथरत होता, त्याच्या हातात फोन थरथरत होता. माणसं आपापल्या कामात. कोणी धागा जोडत होतं, कोणी वाकलेलं, कोणाच्या अंगात नुसता बनियन. एक दाढीवाला कांड्यांची टोपली घेऊन, हा फोन ज्या बाजूला फिरवत होता त्याच बाजूला आरामात चालत गेला. मी उघड हसलो. अशी पट्टी काय दिव्य येणार ते मला न बघता कळत होतं.

खाली उतरून त्यानं मला पडदा दाखवला. ‘फिल्म धुतली जात आहे.’

निघताना मी सगळ्यांना गोळा केलं. “कल सुबह दस बजे. साफ शर्ट. सब लोग.”

“हाँ चाचा,” सगळी माणसं म्हणाली.

त्यातला एक तरुण, फहाद त्याचं नाव हे मला नंतर कळलं, “कल?” असं म्हणून शेजारच्याकडे बघायला लागला. शेजारच्यानं त्याला कोपर मारलं आणि परत म्हणाला, “हाँ चाचा, आ जाएंगे.” साफ शर्ट नसेल बिचाऱ्याकडे, असं मला वाटलं.

बाहेर आल्यावर प्रितेश म्हणाला, “मामा, आज सगली व्हती. तुमी आजच काढाचा व्हता.”

मी त्याला तिथेच रस्त्यात उभं करून जमिनीचं थरथरणं, शटरचा वेग आणि खांबावरचा जोड याच्याविषयी अर्धा तास ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं. तेवढा त्याच्यात गुण आहे.

शुक्रवारी साडेनऊला मी स्टँड, दोन दिवे आणि लांब वायर घेऊन पोहोचलो. आवाज नव्हता, जमीन हलत नव्हती, पत्र्याच्या फटीतून उजेड माझ्या खडूच्या रेघेवर बरोबर पडला होता. कारखान्याच्या दारात इद्रीस एकटा खुर्चीवर बसला होता. मांडीवर चाव्या.

“माणसं?” मी विचारलं.

“गेली.”

“कुठे?”

“गावाला. काल संध्याकाली कल्यानवरून गाडी व्हती.”

मी म्हटलं, असं कसं, काल सगळे हो म्हणाले. इद्रीसनं माझ्याकडे पाहिलं. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं.

“तुला सांगितला व्हता, गुरवारी शेवटची पाळी. तू म्हाताऱ्यासारखा दिसतोस, म्हनून मान राखाला ती हो म्हनाली.”

“मग तू थांबवायचं त्यांना. एक दिवसाचा प्रश्न.”

“कशावर थांबवू? शनवारी काम असता तर थांबली असती.”

आणि तिथे, त्या दारात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली. ज्याला शनिवारी कामावर यायचं असतं त्यालाच शुक्रवारची सुट्टी असते. बाकीच्याला तो नुसता गावी जायचा एक दिवस. एक्केचाळीस वर्षं माणसं शुक्रवारी माझ्यासाठी थांबतात असं मी समजत होतो. ती शनिवारसाठी थांबत होती.

इतक्यात आतल्या भिंतीतली खिडकी सरकली. एक थाळी पुढे आली, तिच्यात चहाचे चौदा ग्लास. कारखाना बंद झाला हे भाभीला माहीत होतं, पण फोटोसाठी सगळे येणार हेही माहीत होतं. पलीकडून तिचा आवाज आला, “आज कोनाचा आवाज न्हाय?”

इद्रीस उठला, थाळी घेतली आणि खिडकीशी वाकून म्हणाला, “फोटो चाललाय. गप उभी हायत सगली.”

खिडकी बंद झाली. आम्ही दोघं चौदा ग्लास घेऊन बसलो. मी दोन प्यायलो, त्यानं तीन. बाकीचे त्यानं मोरीत ओतले आणि ग्लास परत थाळीत मांडले. मग मला म्हणाला, “आता तिला काय दाखवू?”

“रविवारी फोटो घेऊन येतो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आणि मी फोटो काढला. लाज सोडून सांगतो, काढला. स्टँड लावला, दिवे लावले, पाच फोटो घेतले, बत्तीस लूम आणि एक खडूची रेघ. घरी येऊन जोडले. एकूण एक जोड खांबावर. इतका नीट फोटो मी आयुष्यात काढला नसेल. खिळ्याचं डोकंसुद्धा मोजता येतं. आणि त्यात माणूस नावाला नाही.

शनिवारी सकाळी मी प्रितेशला फोन केला. आधी बहिणीची तब्येत विचारली, मग गोदामाची चौकशी केली, मग हवा कशी आहे ते विचारलं. कोन माझ्या स्टुडिओपासून किती लांब आहे ते मलाही माहीत आहे आणि तिथली हवाही. शेवटी तोच म्हणाला, “मामा, ती पट्टी पायजे का?”

आला, आणि फोटो माझ्या कॉम्प्युटरवर टाकला. काय सांगू? मशीनच्या रांगा मध्येच लाटेसारख्या वर गेल्या होत्या. खांब वाकले होते. फहादला तीन हात होते. एकाचं डोकं वरून चपटं झालं होतं. तो टोपलीवाला डाव्या बाजूलाही होता आणि उजव्या बाजूलाही, दोन्हीकडे टोपलीसकट. आणि या सगळ्यावर ती चाळीस टक्के धूळ.

“काढ ती,” मी म्हटलं.

“सगली? दहा ठेवू का, मामा? दहानी जरा...”

“शून्य.”

त्यानं नाखुशीनं शून्य केली. काळी किनार काढायला लावली, नारिंगी तारीख काढायला लावली. दाणे निघेनात, ते तसेच राहिले. मी पट्टीचा दोन फुटी प्रिंट काढला. माझ्या फोटोचा तीन फुटी. दोन्हींच्या मागे कमळ फोटो स्टुडिओचा शिक्का मारला. हात सवयीनं गेला, असं मी स्वतःला सांगितलं. प्रितेशनं शिक्का बघितला.

रविवारी दुपारी आम्ही इद्रीसच्या घरी गेलो. प्रितेश माझ्या मागे, प्रिंटांची गुंडाळी सांभाळत. भाभीनं चष्मा पुसून ठेवला होता. समोर चटईवर पांढरी चादर पसरली होती, फोटो ठेवायला.

मी आधी माझा ठेवला. ती वाकून बघत राहिली. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे.

“साफ हाय,” ती म्हणाली. “मानसं कुठं हायत?”

इद्रीस छताकडे बघत होता. मी घाईघाईनं दुसरी पट्टी पसरली. आणि तिनं तोंडावर हात ठेवला. मग बोट न टेकवता, वरच्यावर फिरवत, ती एकेका माणसापाशी थांबायला लागली.

“केसरीनाथभाऊ, तुमी चालू कारखान्यात काढलात? तुमी तर म्हनायचात, निघत न्हाय.”

प्रितेश दाराशी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पट्टीकडे पाहिलं.

“वेळ आली की काढावा लागतो, भाभी,” मी म्हटलं.

म्हटलं खरं. या तोंडानं म्हटलं. ज्या फोटोला मी दोन दिवस नावं ठेवत होतो, तो माझाच असल्यासारखं मी मान हलवली, आणि मला बरंसुद्धा वाटलं. भाभी माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेनं माझ्या एकाही शुक्रवाराकडे कोणी पाहिलेलं नव्हतं.

“यातला रामअवध कोनता?” तिनं विचारलं. “ज्याला मी वरन द्यायची तो.”

मला नाव नवीन होतं. सगळीच नावं नवीन होती. माझ्या रांगेत नाव लागत नाही, उंची लागते. इद्रीसनं सांगावं म्हणून मी त्याच्याकडे बघितलं, पण तो तेवढ्यात पाणी आणायला आत गेला होता. मी एका उंच, देखण्या माणसावर बोट ठेवलं.

“हा.”

भाभीनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “न्हाय, भाऊ. रामअवध बुटका हाय. त्याचा हात खिडकीत नेहमी खालून यायचा.”

तिनं दुसरं नाव विचारलं नाही. तिला कळलं होतं. ज्यानं हा फोटो काढला त्याला त्यातल्या एकाचंही नाव माहीत नाही, असं होणार नाही, एवढं समजायला फोटोग्राफी यावी लागत नाही.

“चाची,” दारातून प्रितेश म्हणाला, “ह्यो रामअवध. तिसऱ्या लाईनीत, गमछावाला.”

तो चटईवर येऊन बसला आणि एकेक नाव सांगत गेला. हा शमशाद. हा फहाद. हा खालिद, याच्या मुलीचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. हा नवा आलेला, याला अजून धागा जोडता येत नाही, म्हणून बाकीचे त्याला मास्टर म्हणतात. भाभी प्रत्येक नावावर ‘हां’ म्हणायची आणि तोंड बघून घ्यायची. फहादपाशी ती थांबली.

“याला तीन हात?”

“फोन हालला, चाची,” प्रितेश ओशाळून म्हणाला.

“असू दे. दोन हातांनी चार मशीन चालतात व्हय?” मग तिचं लक्ष टोपलीवाल्याकडे गेलं. “आनि हा दोनदा हाय.”

“तो इसरार. मी फोन फिरवत व्हतो त्याच बाजूला चालत गेला.”

भाभी हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “इसरारच तो. जेवायला पन दोनदा यायचा. आवाज बदलून ताट मागायचा. मला काय कलत नव्हता व्हय!”

प्रितेश म्हणाला, त्याचा नंबर आहे माझ्याकडे, लावू का? तिनं नको म्हटलं, पदर सारखा केला, आणि मग म्हणाली, लाव. फोन लागला. तिकडून कुठल्यातरी गावातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता. भाभीनं फोन तोंडासमोर धरला आणि नाव-गाव काही न सांगता विचारलं, “इसरार, खाना खाया?”

मग तो म्हणाला, “चाची? खा लिया, चाची. आपके जैसा नहीं.”

पाण्याचा तांब्या घेऊन इद्रीस दारात थांबला होता. तो आत न येता तिथेच उभा राहिला. मी माझ्या पायांकडे बघत होतो. मला माझी लाज वाटली, आणि त्या लाजेतही एक डोळा पट्टीतल्या वाकलेल्या खांबावर होता. तो फोटो वाईटच आहे, हे मी आजही कोणालाही सांगेन.

फोन ठेवल्यावर भाभीनं पट्टी उलटी केली. शिक्का वाचला. माझ्याकडे बघितलं नाही.

“बाला, पेन हाय का? तुझा नाव लिही हिथं.”

प्रितेशनं खिसे चाचपले. त्याच्याकडे पेन कुठलं असणार! मी माझं काढून दिलं. त्यानं शिक्क्याच्या खाली नाव लिहिलं, लहान अक्षरांत, आणि पेन टोपण लावून मला परत केलं.

माझा तीन फुटी फोटो चादरीच्या कडेला पडला होता. कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. मी तो गुंडाळायला घेतला, तेव्हा इद्रीसनं माझा हात धरला. तो मनापासून बोलत होता, टोमणा मारणं त्याच्या स्वभावात नाही.

“र्‍हाऊ दे, केसरीनाथ. चांगला हाय ह्यो. एकूनएक मशीन साफ दिसते. भंगारवाला कालपासून फोटोच मागतोय, किती टेम्पो लागतील ते बगायला.”

त्यानं फोटो उजेडात धरायला सांगितलं. मी एक टोक धरलं, प्रितेशनं दुसरं. इद्रीसनं त्याच्या फोननं माझ्या फोटोचा फोटो काढला, आणि अंगठा पाठवायच्या खुणेवर ठेवून मला विचारलं, “पाठवू ना?”

मी म्हटलं, पाठव. भंगारवाल्याचं उत्तर लगेच आलं. त्याला फोटो फार आवडला होता.